एम.२ एसएसडीवर हीटसिंक बसवणे

मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे संगणकाची माहिती चिपमध्ये साठवणारा ड्राइव्ह) बसवून तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची किंवा तांब्याची उष्णता वाहून नेणारी पट्टी, म्हणजे हीटसिंक, आवळण्याचे काम. एकदा बसली की वर्षानुवर्षे कोणी तिकडे पाहत नाही. मराठवाड्यात या कामाचा विचार उन्हाळ्यापासून सुरू करावा लागतो, कारण हीटसिंक थंडावा निर्माण करत नाही. चिपची उष्णता तो खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो आणि पत्र्याच्या दुकानात ती हवा आधीच तापलेली असते.

एम.२ हे ड्राइव्हच्या आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे, वेगाचे नाही. हा घोळ दुकानात रोज होतो. ‘२२८०’ म्हणजे २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब ड्राइव्हची पट्टी. २२३०, २२४२, २२६० आणि २२११० हे त्याच रुंदीचे इतर आकार. या पट्टीवरून साटा या जुन्या, हार्ड डिस्कच्या काळातल्या पद्धतीने माहिती वाहिली तर वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटांवर अडतो. एनव्हीएमई या एसएसडीसाठीच आखलेल्या पद्धतीने पीसीआय एक्सप्रेसच्या (मदरबोर्डवरच्या वेगवान जोडणीच्या) चार लेनवरून वाहिली तर तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५००, चौथ्या पिढीत ७,००० आणि पाचव्या पिढीत १०,००० ते १४,००० मेगाबाइटांपर्यंत जातो. एनव्हीएमईचा पहिला आराखडा २०११ मध्ये आला. २०१४ पासून डेस्कटॉपच्या मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट सर्रास दिसू लागला, चौथी पिढी २०१९ मध्ये आणि पाचव्या पिढीचे ड्राइव्ह २०२३ मध्ये बाजारात आले. हीटसिंकचा प्रश्न या वाढत्या वेगातूनच उभा राहिला. जुन्या अडीच इंची साटा एसएसडीला तो कधी पडलाच नव्हता.

ड्राइव्हच्या पट्टीवर सर्वांत जास्त तापतो तो कंट्रोलर, म्हणजे माहितीची ने-आण करणारा छोटा प्रोसेसर. माहिती साठवणाऱ्या नँड फ्लॅशच्या चिप त्याच्यापेक्षा कमी तापतात. तापमान ठरावीक मर्यादेपाशी, बऱ्याच ड्राइव्हमध्ये ८० अंशांच्या आसपास, पोहोचले की कंट्रोलर स्वतःचा वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. बैलाने चढावर चाल मंदावावी तसा हा प्रकार आहे. ड्राइव्ह बिघडलेला नसतो, तो स्वतःला सांभाळत असतो. त्यापुढच्या धोक्याच्या पातळीला मात्र काही ड्राइव्ह काम थांबवतात आणि संगणक गोठतो. पाचव्या पिढीचे सुरुवातीचे कंट्रोलर १२ नॅनोमीटर प्रक्रियेवर (हे चिपच्या घडणीच्या बारीकपणाचे माप) बनलेले आणि बरेच तापणारे होते, म्हणून त्यांच्या हीटसिंकवर इवलासा पंखाही दिसे. नंतरचे ६ नॅनोमीटरचे कंट्रोलर त्या मानाने शांत आहेत.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. समजा, सतत काम करताना एखादा ड्राइव्ह भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी वर जातो. जानेवारीत खोली २४ अंशांवर असेल तर ड्राइव्ह ६४ वर राहील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. मे महिन्यात कॅबिनेटमधली हवाच ४२ अंशांची झाली की तोच ड्राइव्ह, तेच काम करताना, ८२ वर जाऊन वेग टाकतो. हीटसिंक ही ४० अंशांची तफावत पंचवीस-तिसावर आणू शकतो; ४२ चा आकडा खाली आणणे त्याच्या हातात नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसून ‘याला हीटसिंकची गरज नाही’ असा दिलेला सल्ला लातूरच्या स्टुडिओत जसाच्या तसा लागू पडत नाही.

मग गरज कोणाला? महा ई-सेवा केंद्रात सातबारा, उत्पन्नाचे दाखले आणि पीक विम्याचे अर्ज भरणाऱ्या संगणकाला नाही. तिथल्या फायली किरकोळ असतात, ड्राइव्ह बराच वेळ रिकामा बसतो. साटा एसएसडी किंवा तिसऱ्या पिढीची साधी एनव्हीएमई उघडीच ठेवली तरी चालते. शाळा-महाविद्यालयांतल्या आणि एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या केंद्रांतल्या संगणकांचेही तेच. खरी गरज लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांना पडते. मराठवाड्यात लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये ऐन भरात असते, म्हणजे वर्षातले सर्वांत जड काम वर्षातल्या सर्वांत तापलेल्या आठवड्यांत येते. एकेका लग्नाचे शेकडो गिगाबाइट चित्रीकरण, वर चार-चार थर लावलेली टाइमलाइन आणि रात्रभर चाललेले रेंडरिंग, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करणे. वाळूज-चिकलठाण्याच्या उद्योगांसाठी मोठे आराखडे हाताळणारे डिझायनर आणि जड खेळ खेळणारी पोरे यांचाही याच गटात समावेश करता येईल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅमेऱ्याच्या कार्डावरून चित्रीकरण उतरवताना ड्राइव्ह फारसा तापत नाही. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट असते, तेवढे काम एनव्हीएमईसाठी हातचा मळ. ड्राइव्ह तापतो तो एका एनव्हीएमईवरून दुसऱ्या एनव्हीएमईवर मोठी नक्कल करताना आणि संपादन चालू असताना. शिवाय वेग पडला की दोष उष्णतेलाच द्यायचा, असेही नाही. बहुतेक स्वस्त ड्राइव्ह सुरुवातीचा मजकूर वेगवान तात्पुरत्या जागेत, म्हणजे एसएलसी कॅशमध्ये, घेतात. ती भरली की वेग एकदम आपटतो, कधी हार्ड डिस्कच्याही खाली. ओळखायची खूण म्हणजे तापमान. नक्कल मंदावली त्या क्षणी ड्राइव्ह ५५ अंशांवर असेल तर कॅश भरली आहे आणि कितीही जाड हीटसिंक लावला तरी उपयोग नाही. ८० च्या पुढे असेल तर उष्णता. हा आकडा क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रणालीत दिसतो. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्येही स्टोरेजखाली बऱ्याच एनव्हीएमई ड्राइव्हचे तापमान दाखवले जाते. पैसे खर्च करण्याआधी ऐन दुपारी हा आकडा पाहणे हीच खरी तपासणी. सकाळी दहा वाजता पाहून काही कळत नाही.

प्रत्यक्ष बसवताना संगणक बंद करून प्लग काढतात आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलासुरला विद्युतभार जाऊ देतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साचते, म्हणून ड्राइव्ह हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावायचा आणि पट्टी कडेने धरायची. सोनेरी टोकांना बोट लावायचे नाही. बोर्डावर एकाहून अधिक स्लॉट असतील तर प्रोसेसरला थेट जोडलेला, बहुधा प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा, आधी वापरतात. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात. नवीन ड्राइव्ह बसवताच जुनी हार्ड डिस्क ‘मेली’ अशी ओरड होते ती यातूनच, आणि उत्तर बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत असते.

बोर्डाचा स्वतःचा हीटसिंक असेल तर तो आधी उघडतात. ८० मिलिमीटरच्या खुणेवर आधाराची पितळी खुंटी आहे का, हे पाहायला हवे. ती नसेल तर पट्टी अधांतरी राहून वाकते. ड्राइव्ह साधारण ३० अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवतात, सोनेरी टोके जवळपास दिसेनाशी झाली की तो नीट बसला, मग दाबून आडवा करून स्क्रू लावतात. हा स्क्रू २ मिलिमीटर जाडीचा आणि जमिनीवर पडला की सापडत नाही असा. सेलोटेप लावून वेळ मारून नेण्यापेक्षा लॅपटॉप दुरुस्तीवाल्याच्या डबीतून तसाच एक मागून आणलेला बरा. नव्या बोर्डांवर स्क्रूऐवजी फिरवायची प्लॅस्टिकची खिट्टी येते.

आता थर्मल पॅड. हीटसिंक आणि चिप यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. अ‍ॅल्युमिनियम तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगले. मऊ सिलिकॉनचा पॅड त्या फटी भरतो. पॅडवर दोन्ही बाजूंना पारदर्शक किंवा निळसर प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात, ते सोलूनच तो बसवायचा. न सोललेला पापुद्रा ही या कामातली सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त सापडणारी चूक. हीटसिंक बसतो, दिसतो झकास, पण ड्राइव्हला पांघरूण घातल्यासारखे होते. पॅडची जाडीही जुळायला हवी: अर्धा, एक आणि दीड मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. पातळ पॅड चिपला टेकत नाही. जाड पॅड दाबून स्क्रू आवळला तर पट्टीला बाक येतो. चिप पट्टीच्या दोन्ही बाजूंना असतील तर खालीही पॅड लागतो. स्क्रू बोटांच्या जोरानेच, आळीपाळीने आवळायचे.

कंपनीनेच हीटसिंक लावून दिलेला ड्राइव्ह बोर्डाच्या हीटसिंकखाली बसत नाही, दोनपैकी एकच ठेवावा लागतो. बोर्डाचा हीटसिंक बहुधा मोठा असतो, म्हणून शक्य असेल तिथे साधा ड्राइव्ह घेऊन बोर्डाचाच वापरणे शहाणपणाचे आणि स्वस्तही. सुटे हीटसिंक रबरी कड्यांनी धरलेले असतील तर इथल्या उष्णतेत ती कडी वाळून तुटतात. स्क्रूने आवळायचा प्रकार घ्यावा. उंचीही मोजावी, कारण वरचा स्लॉट कित्येकदा ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली असतो. तिथे उंच हीटसिंक मावत नाही, आणि कार्डाचा गरम वारा ड्राइव्हवर येतो तो वेगळाच. प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्ह बसवायचा तर हीटसिंक अनिवार्य आहे आणि त्यासह एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आतच हवी. लॅपटॉपमध्ये जागाच नसते; तिथे पातळ तांब्याची पट्टी किंवा नुसता पॅड, एवढेच.

हलत्या हवेशिवाय हीटसिंकचा गुण फार कमी येतो, आणि मराठवाड्यात हवेबरोबर धूळ येते. काळ्या मातीची बारीक भुकटी, जालन्याच्या कारखान्यांच्या परिसरातली काजळी, जिनिंगच्या हंगामात उडणारा कापसाचा तंतू. हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी बुजल्या की धातूवर गोधडी चढते. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि मार्चअखेर, ब्लोअर मारून घेण्याची चांगली सवय काही दुकानदारांनी गिऱ्हाइकांना लावली आहे. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवतात, नाहीतर तो वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले असेल तर ते बाहेर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय, बहुधा नव्या हीटसिंकपेक्षा जास्त गुण देणारा. कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नये. कूलरमधून पाण्याचे थेंबही उडतात आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग बोर्डावर बसतात.

उष्णता आणि साठवलेली माहिती यांचे नाते थोडे उलटेसुलटे आहे. नँड फ्लॅशला लिहिताना कोमट राहणे मानवते. बंद ठेवलेल्या ड्राइव्हला मात्र गारवा लागतो, कारण उष्णतेत पेशींमधला विद्युतभार लवकर गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराची एसएसडी, तिची लेखनक्षमता पूर्ण संपल्यानंतरही, ३० अंशांवर बंद ठेवली तर एक वर्ष माहिती टिकवायला हवी. नवा ड्राइव्ह याहून कितीतरी जास्त टिकतो. पण पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेल्या झिजलेल्या ड्राइव्हला ३० अंश कुठून मिळणार? जुन्या लग्नांचे चित्रीकरण त्यावर ठेवून वर्षानुवर्षे विसरून जाणे धोक्याचेच.

हीटसिंक काढण्याची वेळ आली तर तो सरळ वर ओढू नये. तापून चिकटलेला पॅड चिपला सोबत उपटू शकतो. संगणक थोडा वेळ वापरून ड्राइव्ह कोमट झाला की बंद करावा आणि हीटसिंक हलक्या हाताने बाजूला सरकवत सोडवावा. एकदा दाबला गेलेला पॅड पुन्हा नीट बसत नाही, नवा घालावा. ड्राइव्हवरचे स्टिकर काढायचे नसते. काही ड्राइव्हच्या स्टिकरमध्ये उष्णता पसरवणारा तांब्याचा पातळ पत्रा असतो, आणि ते सोलल्यास बऱ्याच कंपन्या वॉरंटी नाकारतात. पॅड स्टिकरवरूनच लावतात.