शेवटचं बटण

24 ऑक्टोबर 2019 ला विधानसभेची मतमोजणी झाली तेव्हा लातूर ग्रामीणच्या पहिल्या क्रमांकाबद्दल फारशी उत्सुकता नव्हती. काँग्रेसचे धीरज देशमुख निवडून येणार हे बहुतेकांनी धरलेलंच होतं. ते 1 लाख 35 हजारांच्या आसपास मतं घेऊन आलेही. गंमत दुसऱ्या क्रमांकावर होती. तिथं माणूसच नव्हता, 'नोटा' होतं, म्हणजे यंत्रावरचं 'वरीलपैकी कुणीही नाही' हे शेवटचं बटण, आणि त्याला साडेसत्तावीस हजारांच्या घरात मतं होती. युतीकडून उभ्या असलेल्या शिवसेनेच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी, साडेतेरा हजारांच्या आसपास.

आता पाच वर्षं मागं जाऊ. 2014 ला भाजप आणि शिवसेना वेगवेगळे लढले. तेव्हा याच मतदारसंघात भाजपचे रमेश कराड नव्वद हजारांच्या आसपास मतं घेऊन दुसरे आले होते. 2019 ला युती झाली, वाटपात जागा शिवसेनेकडे गेली आणि भाजपच्या मतदाराला यंत्रावर कमळच सापडेना. त्यात उमेदवार इथला नाही, वरून पाठवलाय, ही कुरबुर. हा पट्टा असातसा नाही. जुन्या रेणापूर मतदारसंघातून भाजपचे गोपीनाथ मुंडे अनेकदा विधानसभेत गेले. 2009 पासून पुनर्रचनेत तो मतदारसंघ नकाशावरून गेला आणि रेणापूर लातूर ग्रामीणमध्ये आलं. नकाशा बदलला म्हणून माणसांच्या मनातलं चिन्ह थोडंच बदलतं?

नोटाच्या त्या साडेसत्तावीस हजारांत प्रत्येक जण रुसलेला भाजपवालाच होता असं मात्र म्हणता येणार नाही. एकूण आकड्यावरून एकेका माणसाचं मन वाचायला गेलं की फसगत होते, हे समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 सालीच दाखवून दिलंय. पण एवढं नक्की, की नेहमीचं बटण दाबायला हात उचलला नाही आणि समोरच्याचं बटण दाबायलाही उचलला नाही अशी माणसं त्यात भरपूर असणार. ती तशी का वागतात, यावर विज्ञानाकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी त्या बटणाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 ला नोटाचा निकाल दिला. त्याआधीही कुणालाच मत न देण्याची सोय होती. 1961 च्या निवडणूक नियमांत 49-ओ नावाचा नियम होता. केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, रजिस्टरमध्ये शेरा पडणार, त्यावर सही किंवा अंगठा करायचा. गावातल्या शाळेच्या खोलीत, दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट टेबलाला टेबल लावून बसलेले असताना, हे कोण करणार? संध्याकाळपर्यंत पारावर बातमी. नोटाने राग गुप्त केला, हे त्याचं खरं काम. बाकी त्याने निकाल हलत नाही. विधानसभेला नोटा पहिलं आलं तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच आमदार. अनामत रकमेच्या हिशेबातही ही मतं वैध धरत नाहीत. (स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये वेगळा आदेश काढला, नोटा सर्वांत पुढे राहिलं तर फेरनिवडणूक. पण तो वेगळा विषय.)

म्हणजे उन्हात रांग लावून हजारो माणसांनी ज्याचा परिणाम शून्य ते बटण दाबलं. हिशेबी डोक्याला हे पटत नाही. माझा मामा मात्र मला पटतो.

मामाचं गाव परभणी जिल्ह्यात. पक्ष कुठला ते सांगत नाही, सांगून फरकही पडत नाही. गेल्या विधानसभेआधी त्याच्याकडे गेलो तर कडब्याच्या गंजीवर एक भलाथोरला फ्लेक्स अंथरलेला, कडेनं दगड ठेवलेले. आधीच्या निवडणुकीतला त्याच्याच पक्षाच्या उमेदवाराचा. चेहरा खालच्या अंगाला. "वरून ठिवला तर ऊन लागून रंग जातो," मामा म्हणाला. रंग जपण्यासाठी की चेहरा दिसू नये म्हणून, हे मी विचारलं नाही. तीस-बत्तीस वर्षं या माणसानं सभेच्या सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, एकदा केस अंगावर घेतली. आणि या खेपेला तिकीट कुणाला? ज्याच्याविरुद्ध त्यानं पंधरा वर्षं घोषणा दिल्या त्यालाच. पक्षप्रवेश दुपारी, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म रात्री.

"मंग आता काय करायचं?" मी विचारलं.

"करायचं काय? कामून इचारतूस?"

मिशिगन विद्यापीठातल्या चार संशोधकांनी 1960 मध्ये अमेरिकी मतदाराबद्दल एक गोष्ट मांडली, जी आपल्या आज्यांना आधीपासून ठाऊक होती. पक्ष माणसानं निवडलेला नसतो, तो घरातून येतो. धर्म, आडनाव, शिवार यांच्यासारखाच लहानपणी अंगाला चिकटतो, आणि एकदा चिकटला की पुढची प्रत्येक बातमी त्याच चष्म्यातून दिसते. दुसरी बाजू 1981 मध्ये मॉरिस फिओरिना यांनी मांडली. त्यांच्या मते मतदार इतका आंधळा नसतो. तो डोक्यात चालू खातं ठेवतो. आडत्याच्या वहीसारखं. रस्ता झाला, जमा. पीकविमा अडकला, नावे. दर निवडणुकीला बाकी पुढे ओढली जाते आणि तिलाच आपण पक्षनिष्ठा म्हणतो.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात, हा माझा अनुभव. मामाचं खातं कधीचं उण्यात गेलंय. सोयाबीनचा भाव काय होता आणि सांगितलं काय होतं, हे त्याला तोंडपाठ आहे. पण आडत्यावर कितीही चिडला तरी माल त्याच आडतीवर घालणारे शेतकरी असतात ना, तसं. बाप तिथंच घालायचा.

मग खातं उण्यात जाण्याचा आणि माणूस बिथरण्याचा संबंध काय? यावर डेव्हिड रेडलॉस्क आणि सहकाऱ्यांचा 2010 मध्ये छापून आलेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी संगणकावर एक खोटी निवडणूक उभी केली. पडद्यावरून उमेदवारांची माहिती सरकत जायची. ज्यावर बोट ठेवाल ती उघडायची. प्रत्येकाचा आवडता उमेदवार ठरला की त्याच्याबद्दल मतदाराला न पटणारी माहिती सोडायला सुरुवात. कुणाला थोडी, कुणाला भरपूर. अपेक्षा अशी, की जितकं वाईट कळेल तितकी आवड उतरेल. झालं उलटं. थोडं वाईट कळल्यावर लोकांची आवड उतरायच्या ऐवजी चढली! मन समर्थनं शोधायला लागतं, असतं एखादं, दुसरे काय धुतल्या तांदळाचे आहेत, वगैरे. त्या समर्थनांच्या जोरावर माणूस आधीपेक्षा घट्ट होतो. पण हे अखंड चालत नाही. वाईट माहितीचं प्रमाण वाढत गेलं की आतली बेचैनी वाढते, आणि एका टप्प्यावर ती समर्थनांना भारी पडते. तिथून आवड घसरू लागते आणि माणूस उमेदवाराकडे पहिल्यांदा नीट बघतो.

गोदावरीकाठच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. जायकवाडी भरत असतं तेव्हा खालच्या गावाला पात्र कोरडंच दिसतं. पाणी येतं ते दारं उघडल्यावर, एकदम. पुढाऱ्यांनाही 'वातावरण अचानक फिरलं' असं वाटतं ते याचमुळे. धरण कित्येक महिने भरत होतं, यांनी फक्त पात्र बघितलं. आणि भरताना तर कार्यकर्ता नेहमीपेक्षा जोरात घोषणा देत असतो, हा त्यातला सगळ्यांत फसवा भाग.

शिवाय ज्यानं जास्त सोसलं त्याचं धरण जास्त उंच. एलियट अॅरनसन आणि जडसन मिल्स यांनी 1959 मध्ये दाखवलं, की एखाद्या गटात शिरायला जितका त्रास पडावा तितका तो गट माणसाला मोलाचा वाटतो, मग गट कितीही रटाळ असो. केस अंगावर घेतलेला मामा म्हणूनच सहजासहजी हलत नाही. सोडलं तर ती केस कशासाठी घेतली होती?

दारं उघडल्यावर जो राग येतो तो विरोधकावरच्या रागाहून तिखट असतो. 1988 मध्ये बेल्जियममध्ये जोसे मार्केस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या आणि परक्या गटातल्या माणसांबद्दल मतं विचारली. आपल्यातला चांगला माणूस परक्या चांगल्यापेक्षा वरचा ठरला. आपल्यातला वाईट मात्र परक्या वाईटापेक्षाही खाली गेला. तमाशा, भाऊबंदकी आणि बांधाच्या कज्जांवर वाढलेल्या आपल्याला यात नवल ते काय! मामा विरोधी पक्षाच्या उमेदवाराबद्दल एक अपशब्द बोलला नाही. "त्यो तसाच हाय, पहिल्यापासून," एवढंच.

इथे अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांना बोलावतो. त्यांना हा विषय सुचला नायजेरियाच्या रेल्वेवरून. तिकडची रेल्वे रखडत होती आणि शेजारून ट्रक धावत होते. स्पर्धा आहे म्हटल्यावर रेल्वे सुधारायला हवी होती. ती सुधारेना, कारण ज्यांना खरोखर चीड यायची, जे साहेबाच्या टेबलावर हात आपटू शकले असते, ते सगळे माल घेऊन ट्रककडे गेले. उरले ते गप्प बसणारे. यावरून त्यांनी 1970 मध्ये मांडणी केली, की बिघडत चाललेल्या संस्थेतल्या माणसापुढे दोन वाटा असतात. निघून जाणं किंवा आवाज करणं. निष्ठा ही तिसरी वाट नाही, ती उंबऱ्यावरची खुंटी आहे, निघालेल्याचा पदर अडकवणारी. अडकला म्हणून तो थांबतो, आणि थांबला म्हणून भांडतो.

हर्शमन यांचं म्हणणं आपल्या पक्षांना लावून बघितलं की एक मोठी फट दिसते. भांडायचं कुठं? 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षाच्या नोंदणीचं कलम आहे, पण उमेदवार सभासदांनी निवडावा असं बंधन नाही. तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं. जालन्याच्या, हिंगोलीच्या कार्यकर्त्याला ते मोबाईलवर कळतं, कधी कधी विरोधी पक्षातल्या मित्राकडून. आवाजाचं दार बंद, निघून जाण्याच्या दारात बापाची खुंटी. मग माणसं मधल्या फटी शोधतात. कुणी प्रचारात तोंड दाखवून आतून दुसऱ्याचं काम करतं, कुणी बंडखोराच्या मागे जातं, कुणी मतदानादिवशी तुळजापूरला दर्शनाला जातं. ही सगळी भाषा आपल्याकडे तयार आहे, 'पाडायचं', 'हिसका दाखवायचा', 'घरीच बसायचं', आणि या शब्दांना संशोधकांनी ठेवलेली नावं त्यापुढे फिकी आहेत. नोटा ही त्यातलीच एक फट. निकालावर शून्य परिणाम असलेल्या बटणाला म्हणूनच अर्थ येतो. पक्ष सोडलाही नाही आणि हा उमेदवार गिळलाही नाही.

2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर यात आणखी एक घोळ झाला. चिन्ह ही मतदाराची पळवाट असते. एवढ्या गोष्टी वाचायला वेळ कुणाला, चिन्ह बघितलं की काम झालं. फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळ ज्या गटांकडे गेलं, त्यांच्या विरोधातला गटही त्याच घरातला. चिन्ह एकीकडे, ओळखीचा चेहरा दुसरीकडे. 2024 ला मराठवाड्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांना नातवंडांनी मोबाईलवर फोटो दाखवून चिन्ह पाठ करून घेतलं.

आणि रुसवा कायमचा असतो का? जून 2024 ला लोकसभेत मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. नोव्हेंबरात याच भागातल्या 46 विधानसभा जागांपैकी बहुतांश महायुतीनं घेतल्या. कारणं अनेक, आणि ती एका प्रयोगात बसवायचा मोह मी टाळतो. पण लातूर ग्रामीणचा निकाल मी मुद्दाम उघडून बघितला. तिथं या वेळी कमळ होतं, उमेदवार रमेश कराड होते, आणि ते धीरज देशमुखांना साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरवून निवडून आले.

मामाच्या बुथावर मतदानादिवशी काय झालं ते मामीनं सांगितलं. ती त्याच्यामागं रांगेत होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मामा गेला आणि मशीन वाजेचना. मागं कुजबुज सुरू झाली. पोलिंगवाल्या मास्तरानं विचारलं, "काका, झालं का?" आडोशाच्या वरून मामाची टोपी तेवढी दिसत होती, आधी सरळ, मग वाकलेली, पार खालचं काही वाचत असल्यासारखी, मग पुन्हा सरळ. बऱ्याच वेळानं एकदाचा तो लांबलचक आवाज आला.

"एवढा येळ कामून लागला?" बाहेर आल्यावर मामीनं विचारलं.

"चष्मा इसरला व्हता," मामा म्हणाला. चष्मा त्याच्या वरच्या खिशात होता.