दुर्मीळ चेता-स्नायूविकारावरील औषध-चाचणी: गोव्यातल्या रुग्णांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

डुशेन (मुलांचे स्नायू झिजवणारा जनुकीय आजार) किंवा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरून स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार), यांपैकी कशावरही नवे औषध येतेय असे कळले की पेडणे असो वा काणकोण, घरात आशा जागते. ती रास्तच आहे. पण फोन करण्याआधी चाचणीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) क्रमांक मागा. पहिला रुग्ण घेण्यापूर्वी प्रत्येक औषध-चाचणी या सरकारी नोंदवहीत नोंदवावीच लागते. चाचणी कुठल्या रुग्णालयात आहे, रुग्णभरती सुरू आहे का, पात्रता काय, हे तिथे कोणालाही फुकट पाहता येते. क्रमांक न देणाऱ्याच्या किंवा औषधाचे पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.

पात्रता वय, आजाराचा टप्पा आणि आधी घेतलेली औषधे यांवर ठरते. डुशेनमध्ये जनुकातला नेमका कुठला भाग गळला आहे तेही पाहतात, कारण काही औषधे ठरावीक बदलावरच चालतात. म्हणून जनुकीय तपासणीचा अहवाल हा सगळ्यांत मोलाचा कागद. सोबत गोमेकॉची (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा खासगी डॉक्टरांची केसपेपरे, एमआरआयचा अहवाल आणि त्याची सीडी, चालू औषधांची यादी, आधार आणि मुलाचा जन्मदाखला ठेवा.

खरा वेळ द्या तो संमतीपत्राला. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, मराठीत किंवा कोकणीत, मागून घ्या. घरी न्या, वाचा, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच दिवशी सही करण्याची घाई कोणी करत असेल तर थांबा. संमतीपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव विचारतात. उत्पन्नाचा रकाना पाहून बिचकू नका. नॉमिनीचे नाव चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची यासाठी असते. ते मात्र रिकामे सोडू नका. मुलासाठी आईवडील सही करतात, पण कळत्या मुलाचीही मर्जी विचारली जाते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. सही झालेली प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे.

औषध-चाचण्यांच्या २०१९च्या सरकारी नियमांनुसार चाचणीदरम्यान इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात, आणि इजा चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही. गंभीर त्रासाची खबर संशोधक डॉक्टरांनी औषध नियामकांना २४ तासांत द्यायची असते, तेव्हा त्रास होताच त्यांना लगेच कळवा. मधूनच बाहेर पडायचे तर कारण द्यावे लागत नाही, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

उपचार आधीच उपलब्ध असेल तर वाट वेगळी. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी मुंबईच्या केईएमसारख्या, या धोरणाखाली नेमलेल्या रुग्णालयात (उत्कृष्टता केंद्रात) नोंदणी करावी लागते. पैसे कुटुंबाच्या हाती येत नाहीत, थेट त्या रुग्णालयाकडे जातात.