डूलिनची सहल: उजेडावर जाऊ नका, घड्याळ पाहा

आयर्लंडमधल्या डूलिन गावच्या आमच्या सहलीची गाडी गॉलवे शहराहून सकाळी आठला का निघत नाही, साडेअकरालाच का, आणि परतायला रात्रीचे साडेबारा का होतात, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. कारण सरळ आहे. डूलिन ज्या क्लेअर परगण्यात आहे, तिथल्या पबांत आयरिश लोकसंगीताची वाद्यं सहसा रात्री साडेनऊच्या सुमारास लागतात. सातला परतणाऱ्या सहलीत पब दिसतो, संगीत नशिबात असेल तरच.

घोळ होतो तो क्लिफ्स ऑफ मोहर या समुद्रकड्यांवर. जून-जुलैत इथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाला लख्ख ऊन असतं, म्हणून ‘अजून दुपारच तर आहे’ असं म्हणत मंडळी ओब्रायन टॉवर (1835 चा) पाहून उलट दिशेला हॅग्ज हेड या कड्याच्या टोकाकडे चालू लागतात. ते जाऊन-येऊन अडीच-तीन तासांचं काम आहे. गाडी साडेसहाला निघते, कारण बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर नऊच्या आसपास बंद होतं. अर्धा तास उशीर झाला की टेबल जातं, त्यापाठोपाठ जेवण, आणि पुढची रात्र वेफर्सवर काढावी लागते. उशीर एकाचा, उपास सगळ्यांचा.

त्याआधीचा थांबा म्हणजे बरन हा चुनखडीचा माळ. दगडांतल्या भेगा खोल असतात, पाय मुरगळतो, चपला-सँडल नकोत. तिथल्या पुलनाब्रोनच्या डॉल्मेनखाली (उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवलेली प्राचीन रचना) 1986 च्या उत्खननात तीसहून अधिक माणसांच्या अस्थी मिळाल्या, म्हणजे ते थडगं आहे. शेजारी दगडांच्या चळती रचू नका. किलफेनोरा गावात जुने कोरीव दगडी क्रॉस आणि चहा.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चाउडर म्हणजे माशांचं सूप. आणि भाज्यांच्या सूपातही कोंबडीचा स्टॉक असू शकतो, तेव्हा विचारून घ्या. आदल्या दिवशी कळवलंत तर आम्हीच पबला सांगून ठेवतो. दारू घ्यायलाच हवी असं नाही. चहा, सोडा चालतो. मात्र काहीतरी घ्या, आणि काउंटरवर जाऊन मागा. टेबलाशी येऊन कुणी विचारेल म्हणून बसून राहू नका.

सेशन म्हणजे पबमधली संगीताची बैठक, स्टेजवरचा कार्यक्रम नव्हे. भजनी मंडळासारखे वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात: फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची बासरी), कॉन्सर्टिना (हातातली छोटी भात्याची पेटी), बोरान (डफासारखं वाद्य). कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या त्यांच्या असतात, तिथे पिशव्या ठेवू नका. एक धून दोन-तीनदा वाजवून न थांबता पुढची उचलतात. टाळ्या अगदी शेवटी. कुणी वाद्यांशिवाय गाऊ लागलं तर बोलणं पूर्ण बंद. व्हिडिओ विचारून, फ्लॅश नाही. हिंदी गाण्याची फर्माईश कृपया करू नका.

मुलांचा नियम आमचा नाही, कायद्याचा आहे: अठराच्या आतल्यांना पबमध्ये रात्री नऊपर्यंतच थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. 18 ते 20 वयाच्यांनी नऊनंतर वयाचा पुरावा जवळ ठेवावा. मुलं असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा. संध्याकाळी लवकरचं सेशन असलेला दिवस पाहूनच तारीख देऊ.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असेल तर ही सहल त्या दिवशी घेऊ नका. दोन दिवस आधी कळवलंत तर जादा पैसे न घेता तारीख बदलून मिळेल.