फॅसेटेड सर्च : सुरुवातीची वाटचाल

फॅसेटेड सर्च किंवा पैलूनिहाय शोध म्हणजे एखाद्या संग्रहातील नोंदी विषय, काळ, स्थळ, माध्यम अशा स्वतंत्र पैलूंनी चाळत, एकेक निवड करून यादी आटोक्यात आणण्याची पद्धत. खरेदीच्या संकेतस्थळांवरील फिल्टर हे तिचे सर्वपरिचित रूप. तिचा पाया मात्र संगणकाच्या कितीतरी आधी ग्रंथालयशास्त्रात घातला गेला.

गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रशिक्षणासाठी लंडनला असताना तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले आणि ठरावीक सुटे भाग हवे तसे जोडून वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय दर्शवणारे चिन्हांक, तयार करता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. ग्रंथालयांत रूढ असलेल्या ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीत विषयांच्या जागा बहुतांशी आधीच आखलेल्या असल्याने मिश्र विषय आला की अडचण होई. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात तो विषय फोडून पुन्हा जोडता येऊ लागला. ‘फुप्फुसाच्या क्षयावरील क्ष-किरण उपचारांचे भारतातील संशोधन’ या विषयाचे फुप्फुस, क्षय, उपचार, क्ष-किरण, संशोधन, भारत असे घटक होतात आणि प्रत्येकाचे चिन्ह मिळून एक वर्गांक बनतो. १९५२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने हा विचार पुढे नेला.

तरीही पुस्तक फडताळात एकाच जागी राही आणि वर्गांकातील पैलूंचा क्रम बांधलेला असे. वाचकाला ‘भारत’पासून सुरुवात करायची असली, तर वर्गांकाच्या क्रमाची त्याला मदत होत नसे. ही मर्यादा पडद्यावर सुटली.

मेरीलँड विद्यापीठात ख्रिस्तोफर आल्बर्ग आणि बेन श्नायडरमन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या फिल्मफाइंडर या चित्रपट शोधण्याच्या प्रणालीमध्ये पट्टी सरकवताच चित्रपटांचे ठिपके तत्क्षणी कमी-जास्त होत. त्याच दशकात हडर्सफील्ड विद्यापीठात स्टीव्हन पॉलिट यांच्या हायब्राउझ या शोधप्रणालीमध्ये अनेक पैलूंच्या श्रेणी शेजारी-शेजारी दिसत आणि प्रत्येक संज्ञेपुढे नोंदींची संख्या असे. ही संख्या फार मोलाची ठरली: कुठे किती सापडेल हे आधीच दिसत असल्याने शून्य निकालाची वाट धरावी लागत नाही.

या पद्धतीला भक्कम पुरावा मिळाला तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मार्टी हर्स्ट यांच्या फ्लॅमेंको प्रकल्पातून. सॅन फ्रान्सिस्कोतील ललित कला संग्रहालयांच्या सुमारे ३५,००० चित्रांवर ३२ जणांकडून चाचणी घेण्यात आली. पैलूनिहाय व्यवस्था नेहमीच्या शब्दशोधापेक्षा बऱ्याचदा कितीतरी पट संथ चालत होती. तरीही सुमारे ९० टक्के लोकांनी तिलाच पसंती दिली, असे २००३ च्या शोधनिबंधात नोंदले आहे.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या एन्डेका कंपनीने हे तंत्र ऑनलाइन दुकानांत रुजवले. तिच्याच प्रणालीवर नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००६ मध्ये आपला नवा कॅटलॉग उभारला. योनिक सीली यांनी सीनेट (CNET) या कंपनीत विकसित केलेले सोलर (Solr) हे शोधाचे सॉफ्टवेअर त्याच वर्षी मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे प्रतिष्ठानकडे मुक्त स्रोत म्हणून आले, आणि मोठी परवानाफी न भरताही ही सोय उभी करणे शक्य झाले.