अँप अर्ध्या आवाजातच का तापतो?

घोडबंदर रोडच्या कोंडीत गाणं अचानक बंद पडतं, अँपवर (स्पीकरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरवर) प्रोटेक्टचा, म्हणजे तो स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा, लाल दिवा लागतो आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरू होतं. गाडीत वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) बसवणाऱ्या ठाणेकरांना हे नवं नाही. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: "आवाज जरा कमी ठेवा." या 'जरा'ने फारसं काही होत नाही, आणि त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे.

क्लास एबी जातीच्या अँपमधला ट्रान्झिस्टर पुरवठा आणि स्पीकर यांच्यामध्ये बसलेला असतो. त्याच्यात निर्माण होणारी उष्णता म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज गुणिले त्यातून जाणारा प्रवाह. समजा, आतला पुरवठा ४० व्होल्ट आणि स्पीकर ४ ओहमचा आहे. स्पीकरला शून्य व्होल्ट मिळत असतील तर प्रवाह जवळपास नाही, म्हणून उष्णताही नाही. पूर्ण ४० व्होल्ट मिळाले तर प्रवाह १० अँपिअर, पण ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजच उरत नाही. उष्णता पुन्हा जवळपास शून्य. आता २० व्होल्ट घ्या. प्रवाह ५ अँपिअर, ट्रान्झिस्टरवर उरले २० व्होल्ट, म्हणजे त्या क्षणी १०० वॉट उष्णता! साइन लहरीचं, म्हणजे एका शुद्ध सुराचं, गणित मांडलं तर कमाल शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर अँप सर्वाधिक तापतो. आणि गाणं क्षणभर टोक गाठतं, बाकी वेळ या मधल्या पट्ट्यातच रेंगाळतं.

स्पीकर २ ओहमचा केला की तेच १०० वॉट २०० होतात. दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकाच स्पीकरसाठी एकत्र जोडले, तर प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. ४ ओहमचा वूफर तिथे २ ओहमचा ठरतो. म्हणून आधी वूफरच्या वायरी अँपमधून काढून त्यांना मल्टीमीटर लावा आणि ओहम मोजा. ४ ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो. दिवा गाडी सुरू करताक्षणी लागत असेल तर दोष उष्णतेचा नसून बहुधा शॉर्टचा आहे.

कोंडीत आणखी एक भर पडते. गाडी थांबून इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र) कमी वीज देतो. रेग्युलेटेड पुरवठ्याचा, म्हणजे आतला व्होल्टेज कायम राखणारा, अँप व्होल्टेज घसरला की तेवढ्याच शक्तीसाठी जास्त प्रवाह ओढतो. त्यात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असेल तर आणखी पंचाईत. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच. गाणं चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि अँपचं अर्थिंग यांच्यामधला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसला तर गाडीच्या पत्र्यावरचा अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग खरवडा.

खोक्यावरच्या '५००० वॉट'वर मात्र आरशाला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकाच विश्वास ठेवावा. ३० अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे १३.८ व्होल्टला जेमतेम ८२८ वॉट आत जाणार, आणि त्यातलेही बरेच उष्णतेत.

अँप थंड करायला पंखा लावणं सगळ्यात शेवटी. त्याआधी अँप डिकीतल्या गालिच्याखालून बाहेर काढून त्याच्या अंगावरच्या धातूच्या पट्ट्या उभ्या राहतील असा बसवा, म्हणजे गरम हवा स्वतःच वर निघून जाईल.