कोलन हायड्रोथेरपीतील पूरक द्रव

मोठे आतडे पाण्याने धुऊन झाल्यावर गुदमार्गे थोड्या प्रमाणात सोडून काही वेळ आतच धरून ठेवायचे द्रव. काही केंद्रांत यांना ‘इम्प्लांट’ म्हणतात. मुख्य धुलाईत यंत्रातून कोमट, गाळलेले पाणी आत-बाहेर खेळवले जाते. पाऊण तासात कधी कधी ६० लिटरपर्यंत पाणी फिरते. त्यानंतर वेगळे पैसे आकारून कॉफी, गव्हांकुराचा रस, क्लोरोफिल, कोरफड, कॅमोमाइलचा काढा किंवा प्रोबायोटिक जिवाणूंचे मिश्रण दिले जाते.

पुण्यात हा विषय निघाला की ‘म्हणजे आपली बस्तीच की’ असे हमखास ऐकू येते. बस्ती म्हणजे आयुर्वेदातला औषधी एनिमा. पावसाळा हा वाताच्या प्रकोपाचा काळ मानला जात असल्याने पेठांतल्या वैद्यांकडे त्या दिवसांत बस्तीसाठी गर्दी असते. पण दोन्हींची मांडणी वेगळी आहे. बस्तीत औषधी द्रव्य हाच उपचार असतो. निरूह बस्तीसाठी मध आणि सैंधव घोटून त्यात क्रमाने तेल, कल्क (वाटलेल्या औषधींचा लगदा) आणि काढा मिसळतात. अनुवासन बस्ती तेला-तुपाची असते. रुग्णाची प्रकृती, वय आणि बळ पाहून मात्रा ठरते. बस्तीला अर्धी चिकित्सा म्हणणारे मत चरकसंहितेत नोंदलेले आहे. कोलन केंद्रातले पूरक द्रव मात्र यादीतून निवडायचे असतात, आणि निवड बहुधा ग्राहकच करतो. बस्तीची पुण्याई या यादीला लावणे योग्य नाही.

पुण्याची दुसरी परंपरा निसर्गोपचाराची. ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते. त्याच जागी आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. उरुळी कांचनचा आश्रम १९४६चा. या परंपरेतला एनिमा म्हणजे टांगलेले भांडे, रबरी नळी आणि साधे कोमट पाणी, फार तर त्यात लिंबू किंवा कडुनिंबाचा काढा.

पूरक द्रवांमागचा मूळ तर्क पूर्ण खोटा नाही. पाणी आणि क्षार शोषणे हे मोठ्या आतड्याचे कामच आहे, म्हणून तर ताप उतरवणारे औषध लहान मुलांना गुदमार्गे देता येते. पण जे आतडे औषध शोषते ते नको असलेलेही शोषते. कॉफी एनिमा हे याचे ठळक उदाहरण. जर्मन डॉक्टर माक्स गेर्सन यांनी तो आपल्या कर्करोगाच्या आहारपद्धतीत आणला आणि यकृत ‘साफ’ होते हा दावा त्याला चिकटला. कर्करोगावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट १९८० साली अमेरिकेत वारंवार कॉफी एनिमा घेणाऱ्या दोघांच्या मृत्यूची नोंद झाली. रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडला होता. गरम कॉफीने गुदाशय भाजल्याचीही उदाहरणे आहेत. साचलेल्या मळातून शरीरात विष भिनते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतकी बळावली होती की लंडनचे शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठासाठी मोठे आतडेच काढून टाकत. पुढे वैद्यकाने ती कल्पना सोडून दिली.

द्रवाइतकेच यंत्रही महत्त्वाचे. १९७८ ते १९८० दरम्यान कोलोरॅडोतल्या एका केंद्रात नीट निर्जंतुक न केलेल्या यंत्रामुळे अमिबाची साथ पसरली. किमान ३६ जण आजारी पडले. दहा जणांचे आतडे काढावे लागले आणि त्यांतले सहा दगावले. अमिबाचा जुलाब घरोघरी परिचयाचा असलेल्या आपल्याकडे ही घटना परकी वाटू नये. नळी आणि तिचे टोक प्रत्येकासाठी नवे आहे का, यंत्र कसे निर्जंतुक करतात आणि बाटलीत नेमके काय आहे, हे विचारायला संकोच करू नये.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, आतड्याला सूज, रक्त पडणारी मूळव्याध, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर हे उपचार टाळावेत. उपचारानंतर पोटात तीव्र कळ, ताप किंवा रक्तस्राव झाल्यास आतड्याला छिद्र पडल्याची शक्यता असते. अशा वेळी केंद्राला फोन करत न बसता थेट रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.