उरलेली लोकर, उसवलेले स्वेटर आणि टाक्यांमधलं विज्ञान

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला आणि सोलापुरातले यंत्रमाग बंद पडले. नवी पेठेतली दुकानं पण बंद, त्यामुळे नवीन लोकर मिळायची सोय नव्हती, मग कपाटावरच्या पिशव्या खाली आल्या, कुणाच्या तरी बाळंतविड्यातून उरलेले अर्धे गुंडे, पोरांना लहान झालेले स्वेटर, ते उसवून त्याच लोकरीची टोपडी विणली गेली. विणकामाला बरेच जण टाईमपास म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण या टाक्यांच्या भौतिकशास्त्रावर आज मोठ्या लॅबमध्ये रिसर्च चालतो.

आधी आपली सोलापुरी चादर घ्या. उभा ताणा, आडवा बाणा, दोन्ही धागे जवळपास सरळ. उभी ओढा नाहीतर आडवी, ती ताणत नाही, कारण ताणायची तर धागाच लांबायला पाहिजे आणि सुती धागा तेवढा लांबत नाही. आता घरातलं बनियन घ्या आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. एकात एक ओवलेले बारीक फासे दिसतील, ओळीने. बनियन पण सुतीच, पण आडवं ओढलं की प्रत्येक फासा रुंद होतो आणि उंचीला कमी होतो, धाग्याची लांबी तेवढीच राहते, फक्त तो वेगळा वाकतो, आणि हात सोडला की वाकलेला धागा पुन्हा मूळ जागेकडे यायला बघतो. म्हणजे ताणण्याचा गुण धाग्यापेक्षा फाशाच्या आकारात जास्त आहे! मला तर ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी भारी वाटते.

मग सोलापुरी टॉवेलवर पण फासे असतातच की, तो का नाही ताणत? कारण टॉवेलला ताणे दोन असतात, एक घट्ट आणि एक सैल सोडलेला. सैल ताण्याचे फासे वर येतात आणि पाणी टिपतात, पण खालचं कापड चादरीसारखंच उभं-आडवं विणलेलं असतं, तेच सगळं धरून ठेवतं.

पॅरिसमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा फाशांनी विणलेल्या कापडाच्या लवचिकतेचं गणित मांडलं, त्यात धाग्याची लांबी बदलत नाही आणि फक्त वाकण्यात ऊर्जा साठते असंच धरलेलं होतं. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये सबेटा मात्सुमोटो या भौतिकशास्त्रज्ञ तर टाक्यांकडे कोडिंग म्हणून बघतात, सुलट आणि उलट कसे मांडले यावरून कापड किती आणि कुठल्या दिशेने ताणेल ते ठरतं. आपल्याकडे विणणाऱ्यांना हे हाताने माहीतच आहे, एक ओळ सुलट एक ओळ उलट विणत गेलं की कडा गुंडाळायला लागतात, कारण सगळे फासे एकाच बाजूला तोंड करून बसतात आणि जोर एकतर्फी पडतो. दोन सुलट दोन उलट घातलं की जोर दोन्हीकडे वाटला जातो, कापड सपाट राहतं आणि आडवं भरपूर ताणतं, म्हणून तर मनगटाला आणि कमरेला तीच बॉर्डर.

त्या काळात काहींनी क्रोशाचे मास्क पण विणले, दिसायला लई सुंदर, पण नुसता तेवढाच मास्क काही कामाचा नाही. क्रोशाचं साधं भोक एक मिलिमीटरचं धरलं तरी ते हजार मायक्रॉन झालं, आणि कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा. तो बहुतेक वेळा थेंबात बसून येतो हे खरं, पण बोलताना उडणारे बरेचसे थेंब पण त्या भोकापेक्षा खूप छोटे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला तीन थरांचा कापडी मास्क सांगितला, आत पाणी शोषणारं सुती कापड, मध्ये पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचं न विणलेलं कापड, बाहेर पाणी न धरणारं पॉलिएस्टरसारखं कापड. शिलाई मशीन असलेल्या घरात हे सहज जमण्यासारखं होतं. टी-शर्ट कापून शिवणाऱ्यांनी मात्र फाशाची गोष्ट विसरायची नाही, चेहऱ्यावर ताणला की भोकं मोठी होतात.

आता उसवलेल्या लोकरीबद्दल, कारण सगळे अडतात ते इथेच. ती वाकडीतिकडीच राहते. लोकर खरी असेल तर ती केराटिनची, म्हणजे आपल्या केसांचंच प्रथिन, त्यातले हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना आकारात धरून ठेवणारे नाजूक दुवे, पाण्यात सुटतात आणि वाळताना नव्या आकारात जुळतात. म्हणून लड करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता टांगायची. पण बाजारातली बरीच स्वस्त लोकर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. खरी लोकर हवेतला ओलावा वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत धरते, ॲक्रिलिक एक-दोन टक्केच, त्यामुळे नुसत्या भिजवण्याने तिचे वेटोळे फारसे जात नाहीत, तिला उष्णता लागते, तीही लांबून दिलेली हलकी वाफ. इस्त्री टेकवायची नाही, ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं आणि एकदा लुळं पडलं की गेलं.

कुठली आहे ते ओळखायला छोटा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा, खिडकी उघडी ठेवून. जळक्या केसांचा वास, आपोआप विझते, राख बोटात चुरते, तर खरी. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. वितळणारा धागा कातडीला चिकटतो, म्हणून गरम कढई धरायच्या फडक्याला ॲक्रिलिक वापरू नका, सुती दोराच घ्या. आणि उरलेल्या गुंड्यांची पट्ट्यापट्ट्यांची शाल करताना दोन्ही एकत्र विणू नका, गरम पाण्यात घासून धुतली की खऱ्या लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकून ती आटते, ॲक्रिलिक आहे तेवढंच राहतं, आणि शालीला जागोजागी चुण्या पडतात.